पाऊस तोच, पण पाणी 'कळकतं'! ज्वालामुखीजवळच्या गावांत छपरावरचं पाणी पिणाऱ्यांचं काय होतं?

पावसाचं पाणी म्हणजे सगळ्यात शुद्ध पाणी, असं आपण लहानपणापासून ऐकत आलोय. विहिरीत गाळ, नदीत घाण, बोअरला क्षार. पण आभाळातून पडतं ते चोख. बहुतेक ठिकाणी हे खरंही आहे. पण जगात काही गावं अशी आहेत, जिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या छपरावरचं पाणी टाकीत साठवून पितात आणि शेजारीच जिवंत ज्वालामुखी रोज वायू सोडत असतो. अशा एका बेटावर शाळकरी मुलांच्या दातांवर डाग पडले. दुसऱ्या एका बेटावर काही घरांतल्या लोकांच्या रक्तात शिसं सापडलं. गंमत म्हणजे ते शिसं ज्वालामुखीतून आलंच नव्हतं. ते आलं होतं त्यांच्याच घराच्या छपरातून!

हे कसं घडलं, त्यात पावसाचा दोष किती आणि पत्र्याचा किती, आणि आपल्या गावात छपराचं पाणी साठवणाऱ्यांनी यातून काय घ्यावं, हे सोप्या भाषेत पाहू.

आत्ताच हा विषय कशाला?

२३ नोव्हेंबर २०२५ रोजी आफ्रिकेतल्या इथिओपिया देशात हायली गुब्बी नावाचा ज्वालामुखी फुटला. त्याची राख सुमारे १४ किलोमीटर उंच गेली आणि वाऱ्याबरोबर समुद्र ओलांडून दुसऱ्या दिवशी भारताच्या आकाशात आली. काही विमानं रद्द झाली. बातम्या पाहून 'आता आपल्याकडे अॅसिडचा पाऊस पडणार का?' अशी शंका मनात येणं साहजिक होतं.

तसं काही झालं नाही. राख खूप उंचावरून गेली आणि पुढे चीनकडे सरकली. हजारो किलोमीटर दूरच्या ज्वालामुखीची उंचावरची राख आणि घराशेजारी रोज धुमसणारा ज्वालामुखी, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्याचा त्रास विमानांना होतो. दुसऱ्याचा त्रास पिण्याच्या टाकीला होतो. आज बोलायचंय ते या दुसऱ्याबद्दल.

पाऊस मुळातच थोडा आंबट असतो

आधी एक मूळ गोष्ट. पाणी आंबट आहे की खारट-तुरट (म्हणजे अल्कधर्मी), हे मोजायला 'पीएच' नावाचं माप आहे. माती परीक्षणाच्या कार्डावर तुम्ही ते पाहिलं असेल. ७ म्हणजे मध्यम. ७ च्या खाली गेलं की आम्ल, वर गेलं की अल्क.

रोजच्या वस्तूंचा अंदाज असा:

- लिंबाचा रस: २ ते २.५
- ताक: ४ ते ४.५
- साधा, स्वच्छ पाऊस: साधारण ५.६
- शुद्ध पाणी: ७
- खायच्या सोड्याचं पाणी: ८ च्या थोडं वर

साधा पाऊससुद्धा ५.६ कसा? तर हवेत कार्बन डायऑक्साईड असतो. पावसाचा थेंब खाली येताना तो थोडा विरघळवून घेतो. सोड्याच्या बाटलीत जो वायू असतो, तोच हा. त्यामुळे पाऊस किंचित आंबट होतो. यात घाबरण्यासारखं काही नाही.

पण या मापाची एक खोड लक्षात ठेवा. पीएच एका आकड्याने खाली आला, की आम्लपणा दहा पट वाढतो. दोन आकड्यांनी खाली आला, की शंभर पट. म्हणजे ५.६ चा पाऊस ३.६ वर गेला, तर तो 'थोडा जास्त आंबट' झाला असं नाही, शंभर पट जास्त आंबट झाला. ज्वालामुखीच्या वायूच्या थेट खाली पडणाऱ्या पावसाचा पीएच ३ ते ४ पर्यंत घसरू शकतो. म्हणजे आभाळातून जवळजवळ ताकाइतकं किंवा त्याहून आंबट पाणी पडतं.

ज्वालामुखीच्या धुरात असतं काय?

लांबून दिसतो तो पांढरा लोट. आपण त्याला धूर म्हणतो, पण त्यात सगळ्यात जास्त असते ती पाण्याची वाफ. जमिनीच्या पोटातल्या तापलेल्या शिलारसात वायू विरघळलेले असतात. सोड्याच्या बाटलीचं बूच उघडलं की बुडबुडे वर येतात, तसंच शिलारस वर आला, त्याच्यावरचा दाब कमी झाला, की हे वायू बाहेर पडतात. त्यासाठी मोठा स्फोट व्हावाच लागतो असं नाही. कित्येक ज्वालामुखी वर्षानुवर्षं शांतपणे वायू सोडत बसतात. गावकऱ्यांच्या पाण्याला खरा त्रास या 'शांत' ज्वालामुखींचाच जास्त.

वाफ आणि कार्बन डायऑक्साईड सोडले, तर पाण्याच्या दृष्टीने तीन वायू महत्त्वाचे:

१. सल्फर डायऑक्साईड. फटाका किंवा काडेपेटी पेटवल्यावर नाकाला झोंबणारा वास येतो, त्यातला हा वायू. हवेत आणि ढगात मिसळून काही तासांत ते काही दिवसांत त्याचं सल्फ्युरिक आम्ल होतं. बॅटरीच्या पाण्यात असतं तेच आम्ल, फक्त खूप पातळ. हे बनायला वेळ लागतो, म्हणून ते वाऱ्याबरोबर लांबवर जातं.

२. हायड्रोजन क्लोराईड. पाण्यात विरघळला की हायड्रोक्लोरिक आम्ल. संडास धुवायच्या अॅसिडमध्ये असतं ते. हा पाण्यात झटकन विरघळतो, म्हणून ज्वालामुखीच्या जवळच्याच गावांत पावसाबरोबर खाली येतो.

३. हायड्रोजन फ्लोराईड. हाही पाण्यात चटकन विरघळतो आणि जवळच उतरतो. त्यातून पाण्यात फ्लोराईड येतं. आपल्याकडे बोअरच्या पाण्यात ज्याची भीती असते, तेच फ्लोराईड.

आता यातून एक साधा हिशेब निघतो. ज्वालामुखीच्या वाऱ्याखाली जी गावं जवळ आहेत, त्यांच्या वाट्याला फ्लोराईड आणि क्लोराईड जास्त. जी लांब आहेत, त्यांच्या वाट्याला गंधकाचं आम्ल. आणि जी वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहेत, ती जवळ असूनही बऱ्यापैकी सुटतात. अंतरापेक्षा वारा महत्त्वाचा.

आणखी एक गोष्ट. रिमझिम पाऊस जास्त आंबट असतो, मुसळधार कमी. कारण वायू तेवढाच, पण पाणी कमी. थोड्या पाण्यात जास्त मीठ पडल्यासारखं. उघडीपीनंतरचा पहिला पाऊसही वाईट, कारण मधल्या दिवसांत छपरावर जे साचलेलं असतं, ते सगळं तो टाकीत घेऊन येतो.

अँब्रिम बेट: मुलांच्या दातांनी सांगितलेली गोष्ट

ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला, प्रशांत महासागरात वानुआतू नावाचा बेटांचा देश आहे. त्यातलं एक बेट अँब्रिम. मध्यभागी मारुम आणि बेन्बो अशी दोन ज्वालामुखी विवरं. २०१८ च्या डिसेंबरपर्यंत या विवरांत तापलेल्या शिलारसाची तळी उकळत होती. उपग्रहांवरून मोजमाप केलं, तेव्हा हा ज्वालामुखी रोज सरासरी सुमारे ७ हजार टन सल्फर डायऑक्साईड सोडत असल्याचं दिसलं. जगात कायम वायू सोडणाऱ्या ज्वालामुखींत त्याचा नंबर अगदी वरचा होता.

बेटावरचे लोक शेती करतात आणि पिण्यासाठी मोठ्या प्रमाणावर पावसाच्या पाण्यावर अवलंबून असतात. पत्र्यावरचं पाणी पन्हळीतून टाकीत, टाकीतून भांड्यात. आपल्या कोकणात किंवा डोंगराळ वाड्यांवर पागोळ्यांचं पाणी धरतात, तसंच. फरक इतकाच की त्यांच्या पागोळ्या ज्वालामुखीच्या लोटाखाली आहेत.

तिथे वारा बहुतेक वेळा आग्नेयेकडून वाहतो. म्हणजे विवरांतला वायू बेटाच्या पश्चिम अंगाकडे जातो. शास्त्रज्ञांनी तिथल्या पिण्याच्या पाण्याचे नमुने तपासले. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पश्चिम अँब्रिमच्या पाण्यात फ्लोराईडचं प्रमाण लिटरला ०.७ ते ९.५ मिलिग्रॅम आढळलं. सरासरी ४.२ मिलिग्रॅम.

हे किती जास्त आहे? जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आहे लिटरला १.५ मिलिग्रॅम. आपल्या देशाच्या मानकांनुसार १ मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोतच नसेल तर जास्तीत जास्त १.५ चालतं. कोणी दिवसाला दोन लिटर पाणी पीत असेल, तर १.५ च्या पाण्यातून पोटात ३ मिलिग्रॅम फ्लोराईड जातं. ४.२ च्या पाण्यातून ८.४ मिलिग्रॅम. रोज, वर्षभर, लहानपणापासून.

त्याच अभ्यासात ६ ते १८ वयाच्या ८३५ मुलांचे दात पाहिले गेले. पश्चिम अँब्रिममध्ये १०० पैकी ९६ मुलांच्या दातांवर फ्लोराईडची खूण होती. उत्तरेला १०० पैकी ७१, आणि आग्नेयेला, म्हणजे वाऱ्याच्या वरच्या अंगाला, १०० पैकी ६१. वारा जिकडे वाहतो, तिकडे डाग जास्त. नकाशा काढायची गरजच नाही, मुलांचे दात बघितले तरी वाऱ्याची दिशा कळावी!

फ्लोराईड दातांचं काय करतं?

थोडं फ्लोराईड दातांना चांगलं असतं. म्हणून तर टूथपेस्टमध्ये असतं. पण लहान मुलांचे कायमचे दात हिरडीच्या आत तयार होत असताना, साधारण आठ वर्षांच्या वयापर्यंत, ते जास्त गेलं, तर दातावरचं कवच नीट घट्ट होत नाही. आधी पांढरे ठिपके, मग पिवळे-तपकिरी पट्टे, फार झालं तर दातांना खड्डे पडून कडा तुटायला लागतात. एकदा दात तसा आला, की नंतर कितीही चांगलं पाणी दिलं तरी डाग जात नाही. प्रमाण खूप जास्त असेल आणि वर्षानुवर्षं तसंच पाणी पोटात गेलं, तर हाडं आणि सांधेही धरतात.

म्हणून या प्रश्नात घाई कोणाची, तर लहान मुलांची. मोठ्या माणसाचे दात आधीच तयार झालेले असतात. त्याला पाण्यात काही जाणवत नाही. फ्लोराईडला ना रंग, ना वास, ना या प्रमाणात चव. 'आम्ही इतकी वर्षं हेच पाणी पितोय, आम्हाला काही झालं नाही' असं आजोबा म्हणतात ते खोटं नसतं, पण नातवाला ते लागू होत नाही.

डिसेंबर २०१८ मध्ये अँब्रिमच्या पोटातला शिलारस जमिनीखालून सरकून दूर किनाऱ्याकडे निघून गेला. विवरांतली तळी रिकामी झाली आणि वायू जवळपास थांबला. पण तोपर्यंत ज्यांचे दात तयार झाले, त्यांच्या दातांत ती वर्षं कायमची लिहिली गेलीत.

हवाई बेट: शिसं आलं कुठून?

आता दुसरी गोष्ट. अमेरिकेच्या हवाई राज्यातल्या सगळ्यात मोठ्या बेटावर किलाउआ नावाचा ज्वालामुखी आहे. ३ जानेवारी १९८३ ला सुरू झालेला त्याचा उद्रेक जवळपास सलग २०१८ पर्यंत चालला. त्या काळात तो रोज हजारो टन सल्फर डायऑक्साईड सोडत होता. तिथल्या लोकांनी या ज्वालामुखीच्या धुरक्यासाठी 'व्हॉग' असा खास शब्दच तयार केला.

या राज्यात ३० ते ६० हजार लोक छपरावरच्या पावसाच्या पाण्यावर घर चालवतात, आणि त्यातले बहुतेक याच बेटावर राहतात. जमीन लाव्हाची, भेगाळलेली. पाणी खाली झिरपून जातं, नळयोजना सगळीकडे पोचलेली नाही. म्हणून टाकी हाच आधार. (त्यातल्या एका भागाचं नाव चक्क पुना आहे, पण त्याचा आपल्या पुण्याशी काही संबंध नाही!)

१९८८ मध्ये तिथल्या काही घरांच्या टाक्यांचं पाणी तपासलं गेलं आणि त्यात शिसं सापडलं. मग त्या घरांतल्या लोकांचं रक्त तपासलं. काहींच्या रक्तातही शिसं वाढलेलं निघालं. पहिला संशय साहजिकच ज्वालामुखीवर. पण शिसं आलं होतं छपरातून आणि नळाच्या जोडांतून. त्या काळच्या घरांत पत्र्याच्या सांध्यांवर शिशाच्या पट्ट्या असायच्या, खिळ्यांच्या टोप्या शिशाच्या असायच्या. साध्या पावसाने त्यातलं शिसं फारसं सुटलं नसतं. आंबट पावसाने ते विरघळवून टाकीत आणलं.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही. आपल्या आज्या सांगायच्या, कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक, आमटी, चिंचेचं सार ठेवू नये, कळकतं. कळकतं म्हणजे काय? आंबट पदार्थ पितळेतलं तांबं-जस्त विरघळवून घेतो, चव उतरते, पोट बिघडतं. भांडं तेच, पण त्यात पाणी ठेवलं तर काही होत नाही आणि ताक ठेवलं तर होतं. हवाई बेटावर नेमकं तेच झालं. छप्पर म्हणजे कल्हई उडालेलं पातेलं आणि पाऊस म्हणजे ताक.

फरक एकच, आणि तोच धोक्याचा. कळकलेली आमटी जिभेला कळते. शिसं उतरलेलं पाणी जिभेला कळत नाही. आणि शिसं हे असं विष आहे, की ते लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीवर घाव घालतं. आपल्या देशाच्या मानकांत पिण्याच्या पाण्यात त्याची मर्यादा आहे लिटरला फक्त ०.०१ मिलिग्रॅम. म्हणजे १०० लिटर पाण्यात १ मिलिग्रॅम.

ही गोष्ट उघड झाल्यावर बेटभर मोहीम निघाली. छपरावरच्या शिशाच्या पट्ट्या, शिशाच्या टोप्यांचे खिळे आणि नळकामातलं शिसं शोधून काढून टाकण्यात आलं. ज्वालामुखी बंद करणं कोणाच्या हातात नव्हतं. पण छप्पर बदलणं हातात होतं. पाण्याचा आंबटपणा कमी करायला तिथले लोक टाकीत मापाने खायचा सोडाही टाकतात. आम्लावर अल्क, म्हणजे दोन्ही एकमेकांना मारतात.

पिकं, कुंपण आणि जनावरं

आंबट पावसाचा मार फक्त टाकीपुरता राहत नाही. किलाउआच्या वाऱ्याखालच्या काऊ भागात फुलशेतीची पानं करपली, गोठ्या-कुरणांच्या लोखंडी तारा आणि फाटकं लवकर गंजून गेली. विवराच्या नैऋत्येला तर काऊ वाळवंट नावाचा उजाड पट्टाच आहे. तिथे पाऊस पडत नाही असं नाही, पण जो पडतो तो आंबट आणि जमीन राखेची, त्यामुळे झाडं मूळ धरत नाहीत.

लाव्हा समुद्रात पडतो तिथे तर आणखी वाईट. समुद्राचं खारं पाणी उकळून मिठातून हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ उठते. त्या वाफेतून पडणारा पाऊस बॅटरीतल्या पातळ केलेल्या अॅसिडइतका तिखट असतो, पीएच २ च्या आसपास.

आणि जनावरांचं विचाराल, तर इतिहासातली सगळ्यात मोठी किंमत आइसलँडने मोजलीय. १७८३ च्या जूनमध्ये तिथे लाकी नावाची भेग उघडली आणि आठ महिने वाहत राहिली. त्यातून सुमारे १२ कोटी टन सल्फर डायऑक्साईड आणि ८० लाख टन हायड्रोजन फ्लोराईड बाहेर पडल्याचा अंदाज आहे. फ्लोराईड गवतावर बसलं. ते गवत खाऊन जनावरांची हाडं वेडीवाकडी झाली, दात गेले. देशातल्या १०० मेंढ्यांपैकी सुमारे ८० मेंढ्या आणि निम्म्याच्या आसपास गाई-घोडे मेले. पुढे दुष्काळ पडला आणि देशातला प्रत्येक पाचवा माणूस दगावला. लोक लाव्हाने मेले नाहीत. गोठा रिकामा झाला म्हणून उपासमारीने मेले. शेतकरी माणसाला याचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

मग आपल्याकडे असं होऊ शकतं का?

ज्वालामुखीमुळे? नाही. भारतातला एकमेव जिवंत ज्वालामुखी अंदमानातल्या बॅरन बेटावर आहे. पोर्ट ब्लेअरपासून साधारण १४० किलोमीटर दूर आणि तिथे माणसंच राहत नाहीत. आपल्या पायाखालचा काळा पाषाण हा लाव्हाच आहे, पण तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थंड झालेला.

आपल्या पावसाला आणखी एक संरक्षण आहे, ते म्हणजे आपली धूळ! आपल्याकडच्या मातीत चुन्याचा अंश असतो. ती धूळ हवेत उडते आणि पावसातला आंबटपणा मारते. शहाबादी फरशीवर लिंबू पडलं की फेस येतो ना, तोच प्रकार. त्यामुळे भारतात बऱ्याच ठिकाणी पावसाचा पीएच ५.६ पेक्षा वरच असतो. मात्र कोळसा जाळणाऱ्या मोठ्या वीज केंद्रांतूनही सल्फर डायऑक्साईडच बाहेर पडतो, हे विसरू नये. वायू तोच आहे, चिमणी वेगळी.

पण फ्लोराईडची गोष्ट आपल्याकडे आहेच, फक्त उलटी. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराईड जास्त आहे. तिथे ते आभाळातून येत नाही. खडकातल्या खनिजांतून हळूहळू विरघळून खोलवरच्या पाण्यात उतरतं. अँब्रिमच्या मुलांच्या दातांवर जे डाग आहेत, तसेच डाग आपल्या काही गावांतल्या मुलांच्या दातांवर आहेत. तिकडे पावसाचं पाणी दोषी आणि आपल्याकडे पावसाचं पाणी हाच एक उपाय. म्हणजे 'आभाळाचं ते चांगलं' किंवा 'जमिनीचं ते चांगलं' असा सरसकट नियम करता येत नाही. पाणी कशाकशातून आलं, त्यावर ते कसं आहे हे ठरतं.

उकळलं, टीसीएल टाकलं, मग भीती कसली?

इथेच बहुतेकांची गल्लत होते. टीसीएल पावडर जंतू मारते. उकळल्यानेही जंतू मरतात. ते दोन्ही करायलाच हवं. पण फ्लोराईड आणि शिसं हे जंतू नाहीत, ते मरत नाहीत. उलट पाणी खूप वेळ उकळत ठेवलं, तर वाफ उडून जाते आणि फ्लोराईड-शिसं मागे राहतं, म्हणजे प्रमाण वाढतं. साध्या कपड्याने गाळून किंवा तुरटी फिरवून गढूळपणा जातो, पण तेवढ्याने हे निघत नाही.

फ्लोराईड काढायच्या पद्धती वेगळ्या आहेत. नागपूरच्या नीरी संस्थेने विकसित केलेल्या 'नालगोंडा पद्धती'त तुरटी आणि चुना ठरावीक मापात टाकून, ढवळून, गाळ खाली बसवून पाणी वेगळं करतात. इथे माप महत्त्वाचं, अंदाजपंचे काम नाही. आरओ यंत्रानेही फ्लोराईड कमी होतं.

छपराचं पाणी साठवत असाल तर एवढं करा

१. पहिला पाऊस टाकीत घेऊ नका. पन्हळीचा पाइप बाजूला काढून ठेवा. छप्पर चांगलं धुऊन निघालं, की मग जोडा. मोठ्या उघडीपीनंतरही असंच करा. ज्वालामुखीजवळच्या गावांत राख पडायची शक्यता असली की लोकांना हाच सल्ला देतात: आधी पाइप काढा.

२. छपरावर काय आहे ते बघा. शिसं असलेला जुना रंग, शिशाच्या पट्ट्या किंवा वॉशर, डांबराचे ठिगळ असतील, तर ते पाणी पिण्यासाठी नको. धुण्याभांड्याला, जनावरांना आंघोळीला, परसातल्या झाडांना वापरा.

३. पितळी-तांब्याच्या भांड्यात साठवणार असाल, तर कल्हई आणि स्वच्छता बघा. पावसाच्या पाण्यात क्षार कमी असतात, त्यामुळे ते धातू जास्त ओढून घेतं.

४. पाणी तपासून घ्या. ग्रामपंचायतीत जलसुरक्षक असतो. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या महिलांना पाणी तपासायचं किट आणि प्रशिक्षण दिलेलं आहे. पीएच आणि फ्लोराईड त्या किटवर गावातच कळतं. शिशासाठी नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. ग्रामसेवकांना विचारा.

५. मुलांचे दात बघा. आठ-दहा वर्षांच्या मुलाच्या पुढच्या नव्या दातांवर पांढरे-तपकिरी पट्टे दिसत असतील आणि शेजारच्या घरांतल्या मुलांनाही तसंच असेल, तर ब्रश न केल्याचा दोष मुलाला देण्याआधी पाण्याचा नमुना द्या. आरोग्य केंद्रातही दाखवा.

६. दोन पाणी वेगळी ठेवा. बोअरला फ्लोराईड असेल, तर निदान पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दुसऱ्या स्रोतातून आणा. त्यातही आधी सोय कोणाची, तर आठ वर्षांच्या आतल्या मुलांची.

थोडक्यात काय?

अँब्रिमच्या लोकांना वारा बदलता आला नाही आणि हवाईच्या लोकांना ज्वालामुखी. पण हवाईत कोणीतरी टाकीतलं पाणी तपासायला पाठवलं, म्हणून शिशाचा पत्ता लागला आणि छपरं दुरुस्त झाली. दोन्हीकडचं पाणी दिसायला नितळ होतं, चवीला बरं होतं. डोळ्याने आणि जिभेने जे कळत नाही, ते तपासणीत कळतं. आपल्याकडे ती सोय गावातच आहे. पुढच्या ग्रामसभेत एक प्रश्न नक्की विचारा: आपल्या गावाच्या पाण्याची शेवटची रासायनिक तपासणी कधी झाली आणि तिचा अहवाल कुठे लावलाय?